गारांच्या वर्षाची साक्ष

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. पुकारुमी गावात त्या वर्षी बटाटा बरा आला होता, एवारिस्तोच्या ट्रकला नवे टायर बसले होते, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गावाचा अध्यक्ष निवडायचा होता.

मेल्चोरा तेव्हा साठीच्या पुढे गेलेली होती. नेमकी किती, ते तिला सांगता येत नसे. स्वतःचं वय सोडलं तर गावातली प्रत्येक गोष्ट तिच्या जिभेवर होती. कोणाच्या आजोबाने कोणता बांध कुठे घातला, कोणाची मेंढी कोणाच्या गोठ्यात व्याली, कोणत्या लग्नात सुपाला मीठ कमी पडलं, सगळं. गावाकडे एक जाड वही होती, पण ती ओलीने फुगलेली, आणि वाचणारे चार. मेल्चोरा कधी फुगली नाही. हद्दीचा दगड कोणी हलवला असा वाद झाला की लोक म्हणत, "वही राहू दे, मामाय मेल्चोराला बोलवा." मामाय म्हणजे आई, नवरा गेल्यापासून सारं गाव तिला तसंच म्हणे. विधवा म्हणून घराचं मतही तिच्याच नावावर होतं. सभेला ती दाराशेजारी सूत काततच बसायची, आणि तिने चाती थांबवली की माणसं बोलायची थांबायची.

नोव्हेंबरात एका दुपारी हेर्मेलिंदा आली. ही तिची धर्मकन्या, तिच्याच कडेवर बसून बाप्तिस्मा झालेली. शेजारच्या खोऱ्यातल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता. तालुक्याच्या चर्चमधून तो घेऊन ती थेट माद्रिनाकडेच आली, धर्माच्या आईला आधी दाखवायचा म्हणून. मागोमाग तिची आई सिन्फोरोसाही आली. सिन्फोरोसा आणि मेल्चोरा एकमेकींना कोमाद्रे म्हणत. एकीने लेकीला जन्म दिला, दुसरीने तिला देवाच्या दारात नेलं, असं ते नातं.

"वाच ना, माझं नाव आहे का त्यात?" मेल्चोराने विचारलं.

"आहे माद्रिना. हे बघ, धर्ममाता मेल्चोरा. तारीख सात फेब्रुवारी एकाहत्तर, रविवार."

"कान्देलारियाच्या सणानंतरचा रविवार," मेल्चोरा म्हणाली. "तोच तो. त्याच दिवशी गारा पडल्या. तुला शालीत गुंडाळून मी चढ चढत होते, आणि वरून देवाने कणसं सोलावी तशा..."

हेर्मेलिंदा कागदावरून बोट फिरवत होती. ती थांबली. "माद्रिना, गारा सत्तरला पडल्या ना?"

"कोण म्हणतं?"

"क्रूसावर कोरलंय. वरच्या शेतातला दगडी क्रूस, गारांनंतर गावाने उभा केला तो. मेंढ्या चारताना मी कितीदा वाचलाय. एकोणीसशे सत्तर." तिने पुन्हा कागद पाहिला. "आणि माझा जन्म इथे लिहिलाय, चौदा सप्टेंबर सत्तर. म्हणजे गारा पडल्या तेव्हा मी नव्हतेच. आईच्या पोटातसुद्धा जेमतेम."

सिन्फोरोसा हसली. "शाळेत घातलं त्याची फळं. आता आईला बाळंतपण शिकवणार ही."

पण हसताहसता तिचीही बोटं मोजायला लागली, आणि हसू थांबलं. चुलीवरचं सूप उतू गेलं. मेल्चोराने ते उतरवलं नाही.

सूप का उतू गेलं ते समजायचं तर नासारियोची गोष्ट सांगायला हवी.

पुकारुमीत दर वर्षी एका माणसाला शेतांचा राखणदार नेमत. आरारिवा म्हणत त्याला. बटाट्याला फूल धरलं की त्याने घर सोडायचं आणि वरच्या अंगाला दगडी खोपटात राहायचं. गार, हिवं आणि वारा हे तीन भाऊ. त्यांना शेतापासून लांब ठेवायचं हे त्याचं काम. ढग काळा झाला की शंख फुंकायचा, ओलं शेण पेटवून धूर करायचा, गोफणीने आभाळात दगड मारायचे. पीक आलं की पहिली टोपली त्याची. गारा पडल्या की दोष त्याचा. सत्तर साली राखणदार होता नासारियो चोके, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला. त्या रविवारी दुपारी अर्ध्या तासात सगळं शेत जमिनीला चिकटलं. त्या हिवाळ्यात गावाने जुने काळे पडलेले सुकवलेले बटाटे खाल्ले, आणि तेही मोजून.

लोक कुरकुरले. कामात थंड आहे म्हणाले. तेवढ्यावर ते राहिलंही असतं. पण पाच वर्षांनी, पंचाहत्तर साली, नासारियो अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा सभेत कोणीतरी विचारलं, की गारा पडल्या तेव्हा हा होता तरी कुठे. आणि दाराशेजारी चाती थांबली.

"मी सांगते," मेल्चोरा म्हणाली होती. "तालुक्याला होता. पुलाजवळच्या चिचाघरात, लाल फडकं लावलेल्या. बाप्तिस्मा करून मी चर्चमधून निघाले, पोर हातात, आणि हा बाकावर बसलेला. पांढऱ्या पट्टीची नवी टोपी. हातात पेला. मी डोळ्यांनी पाहिलं. घरी पोचायच्या आत गारा."

बस. तिला ते त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं होतं की टोपीच्या पट्टीवरचा चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, डागसुद्धा तिने सांगितला. नासारियो उठून म्हणाला, "मी खोपटात होतो. शंख फुंकून ओठ फुटले होते माझे." पण मामाय मेल्चोरापुढे कोणाचा शब्द टिकणार? आणि मग एकेकाला आठवायला लागलं. एकाने त्याला पुलावरून जाताना पाहिलं होतं. दुसऱ्याला त्या दुपारी शंख ऐकूच आला नव्हता. तिसऱ्याची बायको म्हणाली की खोपटातून धूर नव्हता, मी तेव्हाच म्हटलं होतं. आठवड्याभरात नासारियोचं नाव झोप्या पडलं. त्याच्या पोरांना झोप्याची पोरं म्हणत. एकोणऐंशी साली एवारिस्तोचा थोरला भाऊ राखणदार असताना पुन्हा गारा पडल्या, अर्धं शेत गेलं. तेव्हा लोक म्हणाले, या वर्षी गारांचंच डोकं फिरलंय, त्याला बिचारा काय करणार.

नासारियो त्यानंतर दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा त्याच्यामागे त्याचे दोन मेहुणे सोडून कोणी उभं राहिलं नाही.

"कोमाद्रे," सिन्फोरोसा म्हणाली, "लेकीचं लग्न आहे. हा कागद पाद्रीला देऊ, आणि झालं. अठरा वर्षं झाली त्याला."

"त्याला तेरा," मेल्चोरा म्हणाली. "बोलले मी पंचाहत्तरला."

"तेच ते. आता तू उठून म्हणालीस की मी चुकले, तर उद्या शेजारच्या शेताची तोमासा बांधावर येऊन उभी राहील. म्हणेल, तेव्हा चुकलीस तर माझ्या हद्दीतही चुकली असशील. तुझ्या पोराचं ओढ्याकाठचं शेत कशावर आहे? तुझ्या शब्दावरच ना?"

ते खरं होतं. त्या दोघी गेल्यावर मेल्चोरा बसून राहिली आणि त्या दिवसाकडे परत परत जात राहिली. चर्चच्या पत्र्यावरचा आवाज होता. तो पावसाचा असेल. लाल फडकं होतं. नासारियो होता, टोपी होती, डाग होता. ते सगळं होतं, फक्त ते एकाहत्तरचं होतं. तेव्हा नासारियो राखणदार नव्हताच. चिचा पिऊन बसला असेल तर बसेना का. आणि गारा? गारा पडल्या तेव्हा ती कुठे होती? खूप वेळाने तिला कोठीची अंधारी खोली दिसली, आणि तिचा नवरा बेनिग्नो डोक्यावर पातेलं धरून अंगणातल्या कोंबड्या आत आणतोय असं दिसलं. पण तेही खरं की आताच केलेलं, हे तिला कळेना. दोन्ही धागे खरे होते. गाठ तिची होती.

दुसऱ्या दिवशी ती नासारियोकडे गेली.

तो अंगणात गोफण वळत होता. पंचेचाळिशीचा असून साठीचा दिसत होता. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. मेल्चोराला पाहून तो उठला, पोंचो अंथरून दिला आणि कोकाची पानं पुढे केली, जशी कोणाही मोठ्या बाईपुढे करायची.

"तायता नासारियो," ती म्हणाली. कोणाही कर्त्या माणसाला तायता म्हणत, पण त्याला गावात कोणी म्हणत नसे, म्हणून त्याने मान वर केली. तिने कागदाचं सांगितलं. मधे न थांबता सगळं सांगितलं.

त्याने बराच वेळ पानं चघळली.

"एकाहत्तरला गेलो होतो मी तालुक्याला," तो शेवटी म्हणाला. "थोरल्या पोराच्या औषधाला. एक पेला प्यालो होतो. टोपी सासऱ्याने दिलेली."

"मग तेव्हा सभेत का नाही सांगितलंस, की ते दुसऱ्या वर्षाचं?"

"मला कुठे ठाऊक होतं तू कोणत्या दिवसाचं बोलतेस? मी म्हटलं, मी खोपटात होतो. तू सांगत होतीस मामाय. सांगणाऱ्याला ऐकू येत नाही."

मेल्चोराने एक पान तोंडात घातलं.

"आणखी एक सांगू?" तो म्हणाला. "पहिली दोन-तीन वर्षं मला राग यायचा. मग एकदा झोपेत दिसलं, मी त्या बाकावर बसलोय आणि लांब डोंगरावर पांढरं पांढरं पडतंय. मग जागेपणीही दिसायला लागलं. मी बायकोला विचारायचो, मी होतो ना गं वर? ती म्हणायची, होतास, तुझ्या ओठांना मीच चरबी लावली. ती होती तोवर ठीक होतं. आता विचारायला कोणी नाही." तो थांबला. "तू आज आली नसतीस तर एखाद वर्षात मीच कबूल झालो असतो."

मेल्चोरा गुडघ्यावर हात टेकून उठली. "रविवारी सभेत सांगते," ती म्हणाली.

"नको. तुझंच जाईल. माझं काय राहिलंय जायला."

"या खेपेला उभा आहेस ना?"

"आहे. वरच्या झऱ्याचं आहे म्हणून." वरचा झरा शेजारच्या पशुपालन कंपनीला हवा होता; त्यांनी गावाला पत्र्याचं छप्पर आणि रस्ता देऊ केला होता आणि अध्यक्षपदाला समोर उभा असलेला एवारिस्तो सही करायला तयार होता. "हद्दीचे सात दगड कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. एक पूर्ण पावसाळा मी त्यांच्यामधे काढलाय. पण झोप्याला कोण विचारतो."

तो रविवार उजाडला. ऊन होतं आणि वारा होता. चर्चपुढच्या चौकात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे कुत्री. शाळामास्तर तालुक्याचा कागद घेऊन आला होता. त्यात लिहिलं होतं की यापुढे मत गुप्त द्यायचं. मास्तरने एक मडकं आणलं होतं. एवारिस्तोला मक्याचा दाणा, नासारियोला शेंगेचा, पोंचोखाली हात घालून टाकायचा.

"चोर आहोत का आम्ही, पोंचोखाली मत द्यायला?" कोणीतरी म्हणालं.

"आमचं गुप्तच असतं मास्तर," दुसरा म्हणाला. "उमेदवाराला दिसतं का?"

खरंच दिसत नसे. पुकारुमीची रीत अशी, की उभे राहणारे डोंगराकडे तोंड करून उभे राहत आणि लोक त्यांच्या पाठीमागे रांग धरत. मोजणी होईपर्यंत उमेदवाराने वळून बघायचं नाही. निवडून आल्यावर त्याने कोणावर डूख धरू नये म्हणून. ते जुन्या लोकांचं शहाणपण होतं. फक्त उमेदवाराला जे दिसत नसे ते शेजाऱ्याला दिसत असे. मेल्चोराने आयुष्यभर पाहिलं होतं: पहिली चार माणसं कुठे जातात इकडे सगळे डोळे, पाचवा थोडा थांबतो, आणि मग कळप पाण्यावर जावा तसे. मडकं बाजूला ठेवलं गेलं. मास्तर त्याच्यावरच बसला.

एवारिस्तो बोलला. तो वाईट माणूस नव्हता. हसरा, जाडा, कोणाचंही ओझं ट्रकमधे फुकट टाकणारा. त्याने रस्त्याचं सांगितलं, छपराचं सांगितलं, आणि मग नासारियोकडे बघून मायेनेच म्हणाला, "झऱ्याला राखणदार हवा म्हणतो हा. अरे, ज्याने बटाटे राखताना पेला राखला, तो पाणी काय राखणार? पाण्याऐवजी चिचा यायची नळाला."

चौक हसला. नासारियोही थोडा हसला, सवय होती.

तेव्हा मेल्चोराने चाती थांबवली आणि ती उठली. इतकी वर्षं ती बसूनच बोलत आली होती.

"नासारियो त्या दिवशी चिचाघरात नव्हता," ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं होतं. बाप्तिस्मा दुसऱ्या वर्षी झाला. हा कागद आहे. माझी धर्मकन्या वाचून दाखवेल. क्रूसावर सत्तर कोरलंय, कागदावर एकाहत्तर आहे. मी दोन रविवारांचा एक केला. त्याचं नाव मी घालवलं, ते मी परत देते."

हेर्मेलिंदाने कागद वाचला, मोठ्याने, शाळेत वाचतात तसा.

मग एक म्हातारा म्हणाला, "मामाय, कागद पाद्रीचा. पाद्री कधीही काहीही लिहितात. माझ्या भावाला त्यांनी बाई करून ठेवलंय."

लोक हसले.

"क्रूसाचं काय?" मेल्चोरा म्हणाली.

"क्रूस उभा केला एकाहत्तरला, आणि कोरणारा प्यालेला."

"पण मीच म्हणतेय ना, मीच चुकले म्हणून."

"तू तेव्हा बरोबर होतीस, मामाय," तोमासा मायेने म्हणाली. "तेव्हा तुझी आठवण ताजी होती. आता वय झालं. आणि तू एकटी कुठे? मी पाहिलंय त्याला पुलावर. पांढऱ्या पट्टीची टोपी."

"टोपीचं मी सांगितलं होतं, तोमासा. तू माझ्याकडून ऐकलंस."

"वा. म्हणजे माझे डोळे तुझे झाले?"

"मी त्या दिवशी वर होतो," मागून एकजण म्हणाला, "शंख नव्हता. माझ्या कानांनी ऐकलं."

"न वाजलेला शंख ऐकलास?" मास्तर मडक्यावरून म्हणाला. कोणी हसलं नाही.

मेल्चोराने त्यांच्याकडे पाहिलं. एकही खोटं बोलत नव्हता, हे तिला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता आलं असतं. तिने पेरलेलं त्यांच्या शेतात इतकी वर्षं वाढलं होतं. आता ते उपटायला गेलं तर ज्याचं शेत तो म्हणत होता, हे माझं पीक.

एवारिस्तोच मधे पडला. "पुरे. मामायला त्रास देऊ नका. धर्मकन्येच्या लग्नाची धावपळ आहे. चला, उभे राहू."

दोघे डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, दहा पावलांचं अंतर ठेवून. एवारिस्तोने हात मागे बांधले. नासारियोने टोपी काढून छातीशी धरली. रीतीप्रमाणे आधी कर्ते पुरुष जायचे, मग तरुण, आणि शेवटी विधवा.

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. एवारिस्तोच्या एका कोम्पाद्रेने, त्याच्या पोराच्या धर्मपित्याने, पाऊल उचललं.

त्याच्या आधी मेल्चोरा निघाली. चौक ओलांडायला तिला वेळ लागला. टायरच्या वहाणा दगडांवर घासत होत्या. कोणीतरी म्हणालं, "मामाय, तुझी पाळी शेवटी," आणि तिने मान हलवली, होय अशा अर्थी, आणि चालत राहिली. ती नासारियोच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला त्याची मान दिसत होती, उन्हाने तडकलेली, आणि पोंचोची विरलेली कड.

"कोण आहे?" त्याने न वळता, ओठ न हलवता विचारलं.

"बोलायचं नसतं," ती म्हणाली.

त्याचे खांदे एकदा वर झाले आणि खाली आले.

पलीकडे पावलं वाजायला लागली. एकामागून एक, मग तीन-चार मिळून, मग कळप. तिने बघितलं नाही. नासारियोचे दोन मेहुणे आले. मास्तर मत देऊ शकत नव्हता. मग बराच वेळ कोणी नाही. मग तिचा स्वतःचा मुलगा आला, मान खाली घालून, आणि कुजबुजला, "आई, ओढ्याकाठचं शेत गेलं आता." आला मात्र. मग आणखी सात जण, वेगवेगळे, मधे मधे अंतर सोडून. सिन्फोरोसाचा नवरा पलीकडे गेला. सिन्फोरोसा बायकांमधे उभी होती, तिला मत नव्हतं. ती शालीचं टोक चावत होती.

एवारिस्तोच्या मागे बहात्तर झाले. नासारियोच्या मागे अकरा.

मोजणी संपल्यावर दोघे वळले. एवारिस्तोने हात उंचावले. नासारियोने आधी जवळ उभी असलेली मेल्चोरा पाहिली आणि मग तिच्या मागचे, एकेक. घाई केली नाही. मग त्याने पिशवीतून कोकाची पानं काढली आणि प्रत्येकाला तीन-तीन अखंड पानं निवडून दिली, सणाला देतात तशी.

"अकरा," तो म्हणाला. "शंख ऐकलेले अकरा."

"मी नाही ऐकला, तायता," ती म्हणाली. "मी कोठीत होते. असं मला वाटतं."

त्यानंतरचं थोडक्यात.

एवारिस्तो दोन खेपा अध्यक्ष राहिला. रस्ता झाला, छप्पर झालं. झऱ्याला तारेचं कुंपण पडलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वरच्या वाडीच्या बायका पाण्याला दोन तास चालायला लागल्या. तेव्हा ज्याला त्याला आठवलं की आपण सहीच्या विरुद्ध होतो. एवारिस्तोने ट्रक विकला आणि तो मुलीकडे शहरात राहायला गेला. तिथेच वारला. माणूस हसरा होता, हे कोणी विसरलं नाही.

तोमासा खरंच बांधावर येऊन उभी राहिली. ओढ्याकाठच्या शेताचा एक तुकडा तिला गेला, आणखी दोन जुने वादही उकरले गेले. मेल्चोराला साक्षीला कोणी बोलवेनासं झालं. कोणी काही विचारलंच तर ती पूर्वीसारखं "असं झालं" म्हणत नसे. "मला असं आठवतं" म्हणे. लोकांना ते आवडत नसे. अर्धवट उत्तर घेऊन काय करायचं, म्हणत.

हेर्मेलिंदाचं लग्न झालं. दाखल्याची एक प्रत पाद्रीकडे गेली, दुसरी मेल्चोराने शालीच्या गाठीत ठेवली. वाचता येत नव्हती तरी अधूनमधून उघडून बघायची.

नासारियो शहाण्णव साली गेला, छातीच्या दुखण्याने. मयताला सगळं गाव जमलं. सूप प्यायलं गेलं, पानं चघळली गेली, आणि बोलता बोलता कोणीतरी म्हणालं की झऱ्याच्या वेळी आम्ही त्याच्यामागे उभे होतो, पण त्या वेळी ऐकतो कोण. दुसरा म्हणाला, मीही होतो, तुझ्यामागे. तिसरा म्हणाला, रांग विहिरीपर्यंत गेली होती. मेल्चोरा कोपऱ्यात बसून मोजत होती. चाळीसच्या पुढे गेल्यावर तिने मोजणं सोडलं.

"मामाय, तू तर पहिली होतीस," एकाने तिला विचारलं. "किती होतो गं आपण?"

"अकरा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला असं आठवतं."

"म्हातारी विसरायला लागली," तो शेजाऱ्याला म्हणाला, मायेनेच.

मेल्चोरा दोन हजार एक साली पेरणीच्या आधी गेली. शालीची गाठ हेर्मेलिंदाला मिळाली. त्याच सुमारास गावाने वरच्या शेतातला क्रूस नव्याने चुन्याने रंगवला. कोरलेले आकडे चुन्यात बुजले. रंगवणाऱ्याने साल कोणतं लिहू विचारलं तेव्हा सगळे एकमुखाने म्हणाले, एकाहत्तर, हेर्मेलिंदाच्या बाप्तिस्म्याचं साल.

हेर्मेलिंदा माहेरी येते ती कान्देलारियाच्या सणाला. येताना वाकडी वाट करून वर जाते, घागरा सांभाळत दगडावर चढते आणि खिळ्याने शेवटच्या आकड्यावरचा चुना खरवडते. खालचं शून्य दिसलं की थांबते. पुढच्या वर्षी ते पुन्हा लिंपलेलं असतं.